मनगटाचा काळा ठिपका

भिलाईतल्या सेक्टर दहाच्या विदर्भ मित्र मंडळाचं अध्यक्षपद यंदा आपल्याच घरी येणार, याबद्दल शेषरावांना काडीचीही शंका नव्हती. विरोधातल्या आनंदरावांकडून ते दोनदा सपाटून हरले होते. पण तेव्हा त्यांच्या पाठीशी कोरिया नव्हता!

१९९६ च्या उन्हाळ्यात ते रायपूरला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि डॉक्टर होऊनच परतले. म्हणजे स्वतःच्या मते. या कोरियन विद्येत सगळं शरीर हाताच्या पंजात मावतं. अंगठा म्हणजे डोकं, मधली दोन बोटं पाय, तर्जनी आणि करंगळी हात. दुखेल त्या अवयवाच्या जागी मेथीचा दाणा चिकटवायचा, नाहीतर रंगाचा ठिपका द्यायचा. मेथीचा डबा त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी, पहिल्याच आठवड्यात कुलपात टाकला, म्हणून शेषराव रंगावर आले.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी घरी मोफत उपचार ठेवले. मंडळात निम्मे कारकून, फायली खरडून मनगटं कामातून गेलेली. बायकांची पोळ्या लाटून गेलेली. मनगटाचा बिंदू तर्जनीच्या टोकाशी, नखाजवळ. जेवायचा हात कशाला रंगवा, म्हणून शेषरावांनी सगळ्यांचा डावाच हात घेतला. पोलाद प्लांटमधला, लोखंडावर नंबर टाकायचा काळा मार्कर होता. आठ दिवस जाणार नाही, असं ते अभिमानानं सांगत. तारावहिनींचं मनगट तर जिना उतरायच्या आतच बरं झालं. त्रेचाळीस जणांनी ठिपका घेतला आणि जाताना मत कबूल केलं. नमुना म्हणून शेषरावांनी स्वतःचंही बोट रंगवलं. रुक्माबाईंनी तेवढं बोट रंगवू दिलं नाही, हात पाठीमागे धरला.

सकाळी मतपेटीशी प्लांटच्या टाइम ऑफिसचे, हजेरी घेणारे शालिकराम बसले होते. मंडळाबाहेरचा, कडक माणूस. पहिलेच आले जानराव, काल ठिपका घेऊन गेलेले. शालिकरामांनी त्यांचं बोट पाहिलं.

"आपका वोट हो चुका है."

"मनगटाचं औषध आहे जी ते."

शालिकरामांनी भिंतीवरचा नियम दाखवला: डाव्या तर्जनीला शाई असेल त्याला मत नाही. मागच्या खेपेला दोघांनी दोनदा मत टाकलं, म्हणून हा नियम सभेत टेबल बडवून मंजूर करून घेतला होता तो शेषरावांनीच!

मग रॉकेल आलं, लिंबू आलं, विटेचा तुकडा आला. बोटं लाल झाली, ठिपका हलला नाही. भांडायला शेषराव स्वतः धावले, तर शालिकरामांनी त्यांचंच बोट धरलं आणि शांतपणे विचारलं, "आप भी?"

संध्याकाळी निकाल लागला. आनंदराव एकोणतीस, शेषराव एक.

घरी येता येता शेषराव त्या एका मताचाच विचार करत होते. खुर्ची गेली त्याचं काही नाही, पण बायकोनं साथ सोडली नाही.

"रुक्मे, साऱ्या भिलाईत माही एक तूच."

"मी तं आनंदरावले देलं," रुक्माबाई कणीक मळत म्हणाल्या. "तुमी निवडून आले असते तं रोज सारा सेक्टर बोटं घेऊन घरात बसला असता. चहा कोन करन?"

शेषराव बोटांवर एकेक मतदार मोजू लागले. मग ते एक मत कोणाचं?

एवढ्यात पेढे घेऊन आनंदरावच दारात आले. शेषरावांनी आढेवेढे न घेता त्यांनाच विचारलं.

"माहं," आनंदराव संकोचून म्हणाले. "सोताच सोताले मत देनं बरं दिसते का, शेषराव? मी तं दर वेळी तुमालेच देतो."

शेषराव आजवर दर वेळी स्वतःलाच देत आले होते. त्यांनी दोन पेढे एकदम तोंडात कोंबले, म्हणजे काही बोलावं लागणार नाही.