सूचनापेटीचे गोल भोक

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वन कार्यालयाच्या हेडक्लार्कनी सूचनापेटीचे झाकण उचलले आणि चार वाजून दहा मिनिटांनीच ते परत आपटले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर रक्ताचा थेंब होता.

"आत कोणीतरी आहे!"

महिनाभरापूर्वी याच हेडक्लार्कनी छाती पुढे काढून सांगितले होते, "लोकांच्या सूचना? माझ्यावर सोडा, मॅडम. कागदाचा कपटा इकडचा तिकडे होणार नाही!"

सरकारी जंगलाचा नवा आराखडा आला होता. त्यात ओढ्याकाठची तीनशे पोकळ झाडे 'साफसफाई' म्हणून तोडायची होती. लोकांच्या हरकती आज पाचपर्यंत वर कळवायच्या. एकही न आल्यास लोक खूश आहेत असे धरायचे.

पेटीचे काम कार्यालयाच्या सुताराकडे गेले. सुतार तीस वर्षे पक्ष्यांसाठी लाकडी घरटीच करत आला होता. पेटी सुबक झाली. फक्त भोक लहान लिंबाएवढे आणि गोल!

"अहो, गोल कशाला?" हेडक्लार्कनी विचारले.

"पेटीला भोक गोलच असतं," सुतार म्हणाला. "तीस वर्षांत एकाही पक्ष्याची तक्रार नाही."

पेटी फाटकाजवळच्या झाडावर टांगली गेली. लोक कागदाच्या सुरनळ्या करून आत सारू लागले. ओढ्यापलीकडच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी अकरा पाने लिहिली. वर शेजाऱ्यांकडून सत्तेचाळीस हरकती लिहून घेतल्या आणि शुद्धलेखन तपासूनच टाकू दिल्या.

आता बाई, वनाधिकारी मॅडम आणि सुतार पेटीभोवती उभे होते. सुताराने भोकाला डोळा लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"पाच अंडी! कागद बारीक फाडून गादी काय झकास केलीय!"

"माझी अकरा पानं!" बाई ओरडल्या.

"पक्ष्याला हळूच बाजूला करतो," हेडक्लार्क नाक दाबत म्हणाले. "पन्नास मिनिटं हातात आहेत."

"आधी ते वाचा," मॅडमनी फाटकावरच्या सूचनेकडे बोट दाखवले. 'अंडी अथवा पिल्ले असलेले घरटे कोणीही उघडू वा हलवू नये.' खाली हेडक्लार्कची सही. झोकदार, दोन रेघा मारलेली!

"मग एकही हरकत नाही असं कळवू?" हेडक्लार्कनी विचारले.

"एकही नाही?" बाईंचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा चढला. "डोळे फुटले का तुमचे? ते बघा!"

भोकातून कागदाची एक पट्टी लोंबत होती. तिच्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात होते, 'झाडे तोडू नका'.

मॅडमनी वरच्या कार्यालयाला फोन लावला.

"पेटी उघडता येत नाही, सर. आत पक्षी बसलाय."

पलीकडून प्रश्न आला.

"त्याला बसायला दुसरी जागा नाही का?"

"आहे, सर. ओढ्याकाठच्या पोकळ झाडांत. ती आपण तोडतोय."

पलीकडून खोकला आला. "पिल्लं उडेपर्यंत मुदत वाढवा. तोपर्यंत एका झाडाला हात लावू नका. आणि कारण लेखी पाठवा. नीट शब्दांत!"

नीट शब्द शोधण्यात हेडक्लार्कचे साडेसहा वाजले.

त्याला बारा दिवस झाले. पाचपैकी चार अंड्यांतून पिल्ले बाहेर आली आहेत. ती बघायला माणसे येतात आणि जाताना, इथवर आलोच आहोत तर, एक हरकत लिहितात. त्यासाठी दुसरी पेटी केली. या वेळी हेडक्लार्क सुताराच्या डोक्यावर उभे राहिले आणि सरळ आडवी फट करून घेतली.

"फट तर फट," सुतार म्हणाला. "पण अशी फट आपण वटवाघळांसाठी ठेवतो, एवढं सांगून ठेवतो."

काल सकाळी नव्या पेटीतून चिवचिवल्यासारखा आवाज आला. आत हात घालून बघायला अजून कोणी तयार नाही. हेडक्लार्कचे नाक मात्र बरे आहे.