मातकट तळं

बुधवार उजाडला की एल्मो गिडरी घोटून दाढी करायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा, केसांना पाणी लावून भांग पाडायचा आणि एक मासा बादलीत टाकून फॅक्टरीकडे निघायचा. एवढा नट्टापट्टा माशासाठी नव्हता हे उघडच आहे.

लुइझियानाच्या त्या खाडीकाठी तळ्यातले मिशाळ मासे विकायचे तर आधी फॅक्टरीत त्यांची चव पास व्हावी लागते. उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळ धरलं की माशाला मातीचा वास लागतो, आणि तसला एक मासा जरी गिऱ्हाइकाच्या ताटात गेला तरी फॅक्टरीचं नाक कापलं जातं. त्यासाठी मिस व्हर्डी होती. बिनमिठाचा शिजवलेला तुकडा ती जिभेवर धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. त्या निकालावर अपील नव्हतं.

पहिल्या बुधवारी तिने घास डब्यात थुंकला.

"चिखल आहे, मिस्टर एल्मो. पुढच्या बुधवारी दुसरा आणा." मग पाणी कुठल्या रंगाचं दिसतं, वारा कुठून असतो, अशी चौकशी करता करता तिने विचारलं, "आणि तुम्ही? नीट जेवता ना?"

त्याची बायको ओडील गेल्यापासून हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो नुसताच मान हलवून बाहेर पडला. उत्तर सुचलं ते घरी जाताना गाडीत, आणि तिथे त्याने ते मोठ्याने दिलंही, "जेवतो की. म्हणजे, भात तरी असतोच."

घरी ऐकायला कोणी नव्हतं. संध्याकाळी तो खाद्य घेऊन तळ्यावर गेला की सगळे मासे तोंडं उघडून काठाशी गोळा व्हायचे. त्याच्या येण्याने हल्ली गर्दी व्हायची ती एवढीच. त्यांनाच तो दिवसभराच्या बातम्या सांगायचा.

दुसऱ्या बुधवारीही चिखलच निघाला. तिसऱ्या खेपेला मात्र निघण्यापूर्वी त्याने घरीच एक मासा शिजवून पाहिला. मासा अगदी गोड! दुसरा कोणी असता तर नाचला असता. एल्मोने कपाळाला हात लावला. मासा पास झाला की टँकर येणार, तळं रिकामं होणार, आणि बुधवारी भांग कुणासाठी पाडायचा? त्याने बराच वेळ विचार केला, मग गळ उचलला आणि घरामागच्या सडक्या चरातला एक मासा धरून नेला.

मिस व्हर्डीने तो घास असा थुंकला की डबा दणाणला.

"देवा रे! तळ्यात ट्रॅक्टर धुतलात का काय?"

"नाही हो," एल्मो चेहरा पाडून म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसला.

पण खाडीकाठी बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारचा नोलन मिठाची पोती घेऊन हजर. "ओत पाण्यात! माझ्या आज्याचा उपाय आहे!" त्याच्या मागोमाग त्याचा मेहुणा गवताचे भारे घेऊन आला. नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. एल्मोने चांगल्या तळ्यात मीठही ओतलं, गवतही टाकलं. शेवटी फादर लेजे आले. हंगामाच्या आधी कोळंबीच्या बोटींवर तीर्थ शिंपडणारे फादर, तळ्यावर पहिल्यांदाच येत होते. त्यांच्यामागे सगळी आळी आली, गंबोचं, म्हणजे तिकडच्या दाट रश्श्याचं, भलंमोठं पातेलं आलं.

इतकी माणसं आपल्या दारी! एल्मोचा ऊर भरून आला. पण सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती. प्रार्थना तळ्यासाठी झाली, गंबो तळ्याच्या नावाने संपला, आणि निघताना नोलन पाठीवर थाप मारून म्हणाला, "तळ्याला जप रे!" मग गाड्या गेल्या. एल्मो एकटाच भांडी घासत बसला. तळ्याचा हेवा वाटावा अशी वेळ त्याच्यावर आली होती.

त्यात फॅक्टरीच्या मॅनेजरचा, प्रॉस्परचा, फोन आला. "एल्मो, ही शेवटची खेप. या बुधवारी नापास झालास तर तुझी पाळी दुसऱ्याला. मग हिवाळाभर त्या माशांना पोसत बस."

हिवाळाभर पोसायची ऐपत एल्मोची नव्हती. बुधवारी त्याने तळ्यातला खरा मासा घेतला. वाटेत तो निरोपाचं वाक्य घोकत होता, पण ते काही केल्या पुरं होईना.

मिस व्हर्डीने तुकडा तोंडात घातला. डोळे मिटले. फार वेळ मिटले.

"चिखल," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी आणा."

एल्मो चक्रावला. त्याने डब्यात पाहिलं. डबा कोरडा होता. आणि बाई काटा घेऊन दुसरा तुकडा तोडत होत्या.

"मिस व्हर्डी, तुम्ही गिळलात."

"काय?"

"चिखल. गिळलात तुम्ही."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने काटा खाली ठेवला.

"लोक बशी ठेवतात आणि बाहेर सिगरेट ओढायला जातात. निकाल दारातून विचारतात. इथे बसतं कोण, मिस्टर एल्मो?" मग ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, "आणि तुम्ही तो चरातला मासा आणलात, तेव्हा मी काही बोलले?"

एवढ्यात प्रॉस्परने दारातून डोकं आत घातलं. "काय मग? टँकर पाठवू की नको?"

ती एल्मोकडे पाहत होती, एल्मो बशीकडे.

"पाठव," शेवटी एल्मोच म्हणाला. "मासा चांगला आहे."

प्रॉस्पर गेला. एल्मोने रिकामी बादली उचलली. एवढ्याशा खोलीतून दारापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला.

"रविवारी मी मासा तळतो," तो वळून म्हणाला. ओडील गेल्यापासून त्याने रविवारी काहीही तळलं नव्हतं.

"मला नाही चालत, मीठ-मिरीने जीभ बिघडते," मिस व्हर्डी म्हणाली. "नोकरीच तशी आहे."

"मीठ वेगळं ठेवतो," एल्मो म्हणाला.