समुद्रात बोट

चूक पृथ्वीच्या गोलाची नाही, हे आधीच सांगते. तो बिचारा थोरलीच्या वाढदिवसाला आला आणि कपाटावर गप्प बसून होता. त्याला खाली काढायची बुद्धी मला झाली.

थोरली सहा वर्षांची, धाकटा चारचा. जेवणाआधीची प्रार्थना दोघं अशी म्हणायची की जणू शर्यत लागली आहे. आमेन आधी, बाकीचं मागून. तेव्हा मी (समाजशास्त्र घेऊन बी.ए., काळजी करण्यात मात्र स्वयंभू) ठरवलं की दर शनिवारी गोल फिरवायचा, डोळे मिटून बोट ठेवायचं आणि बोट पडेल त्या देशाचं काहीतरी रांधायचं. जेवायला बसल्यावर तिथल्या लोकांसाठी प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची आणि स्वतःची एक चूक कबूल करायची. नियम दोनच. बोटाचा निकाल अंतिम. आणि पानात आलेल्याला नावं न ठेवता ते संपवायचं, कारण ते कुणाच्या तरी आईच्या हातचं असतं.

जपानच्या शनिवारी आम्ही पेन्सिलींनी भात खाल्ला. (नवरा म्हणतो, त्याचा अजून चालूच आहे.) इटलीच्या शनिवारी माझ्या शेवया एकमेकींना मिठी मारून बसल्या, तेव्हा धाकट्याने हात जोडून म्हटलं, "हे प्रभू, तिकडच्या लोकांना हे रोज खावं लागतं. त्यांच्यावर दया कर."

थोरलीने हे वाक्य संडे स्कूलमध्ये नेलं आणि तिथून ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत पोचलं. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं.

"छोट्यांच्या वर्गाला शिक्षिका हवी आहे. तुमचा हा शनिवारचा प्रकार एकदा बघावा म्हणतो. येऊ का जेवायला?"

तो वर्ग मला दोन वर्षांपासून हवा होता. मागायची छाती होत नव्हती, इतकंच. मागे एकदा चर्चमध्ये मला वाचायला उभं केलं होतं, तर तोंडून पहिलं वाक्य निघालं ते कुकरच्या शिट्टीसारखं; आणि त्या शिट्टीला सगळ्यांत आधी मीच दचकले.

"या की," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी धाकट्याने गोल फिरवला. बोट पडलं निळ्यावर. मधोमध. आसपास बेटाचा ठिपकासुद्धा नाही.

"परत फिरव, बाळा," मी म्हटलं.

"निकाल अंतिम," थोरली म्हणाली.

नवरा पेपराआडून म्हणाला, "बोट समुद्रातच जायची. रस्त्यावर कशी चालेल?"

शेवटी सासूबाईंनी सोडवलं. "माशाचं सूप कर नि पाव आण. जहाजांवरच्या लोकांसाठी प्रार्थना होईल. आणि मीठ विसरू नकोस."

विसरले नाही हो. संध्याकाळी मोठा चमचा भरून मीठ घेतलं, त्यातलं थोडंसं टाकणार, एवढ्यात बेल वाजली. मी दचकले आणि चमचा पातेल्यात रिकामा झाला. (पाळकसाहेब दहा मिनिटं लवकर आले होते.) म्हटलं, सहा माणसं आहेत, चालून जाईल. चाखायचं भान राहिलंच नाही.

मी बाहेर पाहुण्यांना पाणी देत होते. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन आल्या. मग नवरा गेला. मग मुलं. मला भरून आलं. सगळं घर मदतीला धावत होतं.

वाट्या भरल्या, डोळे मिटले. थोरलीने सुरुवात केली.

"हे प्रभू, जहाजांवरच्या सगळ्यांना सांभाळ. त्यांना त्यांच्या मुलांकडे लवकर पोचव. माझी चूक म्हणजे, आम्ही दोघांनी आत्ता सूपमध्ये एकेक मूठ मीठ टाकलं. समुद्र अळणी कसा असेल? आमेन."

"माझी मूठ लहान आहे," धाकटा म्हणाला. "आमेन."

मी एक डोळा उघडला. सासूबाईंनी त्यांचे दोन्ही अधिकच घट्ट मिटले.

"दयाळू बापा, सुनेवर माझा विश्वास आहे. पण पाहुणे म्हटलं की तिला काही सुधरत नाही, म्हणून मी एक चमचा टाकला. क्षमा असावी."

नवऱ्याने घसा खाकरला. "प्रभू, आईने मला आठवडाभर बजावलं होतं, मिठाकडे बघ म्हणून. मी बघितलं. आणि टाकलं."

"चाखलं नाहीस?" सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"प्रार्थना चालू आहे, आई."

माझी पाळी आली. "आणि मी..." पुढे शिट्टीच निघाली. "बेल वाजली तेव्हा."

पाळकसाहेबांची प्रार्थना सगळ्यांत छोटी होती. "प्रभू, जे वाढलं आहे ते संपवायचं बळ दे. आमेन."

"राहू द्या साहेब, मी पटकन अंडी करते," म्हणत मी उठले.

"नावं ठेवायची नाहीत," धाकट्याने पाळकसाहेबांना समजावलं. "कुणाच्या तरी आईच्या हातचं असतं ते." मग जरा विचार करून म्हणाला, "माझ्याच."

त्यांनी वाटी संपवली. तिसऱ्या घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं; सासूबाईंना वाटलं, भक्ती. जाताना वर्गाचं अवाक्षर नाही. मी भांडी घासता घासता रडले. एक थेंब ओठांवर आला, तो त्या सूपपुढे गोडच लागला.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सूचना देताना पाळकसाहेब म्हणाले, "माणसाने खाल्ल्या मिठाला जागावं. काल मी जागलो. बारा, दीड, तीन आणि साडेचार वाजता, पाणी प्यायला. दर वेळी एकच वाटलं, जिथे मुलं पाहुण्यासमोर खरं बोलतात, त्या घरातली शिक्षिका आपल्याला हवी." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

पुढच्या रविवारी मी गोल घेऊन वर्गात शिरले. बावीस मुलं हात जोडून, शहाण्यासारखी बसली होती. अशी शिस्त मी कुठे पाहिली नव्हती. ऊर भरून आला. मग लक्षात आलं, प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली होती. थोरलीने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.