बस्त्यावची गाय

इथे आखातात, अदलियातले आमचे शेजारी बस्त्याव हॉटेलच्या ड्यूटीवर निघताना दिवे बंद करत, गॅस बंद करत, नळ दोनदा तपासत. एसी मात्र चालू ठेवत. भिंतीवरच्या गाईला उकडू नये म्हणून.

गाय तैलचित्रातली. हॉटेलची रंगरंगोटी झाली तेव्हा मॅनेजरने ते चित्र काढून टाकलं आणि बस्त्यावनी उचलून घरी आणलं. अठराव्या शतकातलं, कुणा मोठ्या चित्रकाराच्या हाताखालच्या मंडळींनी रंगवलेलं, असं मॅनेजर म्हणाला होता. पडक्या कमानी, त्यांच्या आडोशाला गवताने शाकारलेला गोठा, आणि आत काळोखात एक जनावर.

"डिट्टो आमचा वसईचा किल्ला," बस्त्याव म्हणत.

"पण ते गाढव आहे," आमचे हे म्हणाले. हे इंजिनियर.

"गाय आहे, साहेब."

मी चष्मा लावून पाहिलं. कान गाढवाचे, पोट गाईचं, आणि शिंगं असायची तिथला रंगच उडालेला. मी रोजची कामं लिहून काढून एकेक खोडणारी बाई. पण 'गाय की गाढव' काही मला खोडता आलं नाही. एवढा हट्ट कशासाठी, तेही कळेना. शेवटी विचारलंच.

"फिलू येईल ना," ते म्हणाले. "तिला गोठ्याशिवाय करमत नाही."

फिलू त्यांची बायको. लग्नानंतर बस्त्याव इकडे आले, ती वसईतच राहिली. दरवर्षी ते व्हिसाचं विचारत, दरवर्षी ती म्हणे, गाईला कोण बघेल?

"मफी मुश्किल, वहिनी," बस्त्याव मला सांगत. म्हणजे काही अडचण नाही. "पुढच्या वर्षी, इंशाल्ला." आणि फडक्याने चित्राची चौकट पुसत.

मग फिलूची म्हातारी गाय गेली, आणि ती महिन्याभरासाठी यायला निघाली. गादी, कुकर, पडदे, सगळं मी लावून दिलं. बस्त्यावचं एकच चाललेलं, "तिला जनावरं कळतात, वहिनी. ती गाढव म्हणाली तर?"

फिलूने पिशवी खाली ठेवली आणि सरळ चित्रापाशी गेली. बराच वेळ पाहत राहिली. बहुतेक कानच. आमच्या यांनी तोंड उघडू नये म्हणून मी यांचा हात दाबून धरला.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते भर एसीत घामाघूम उभे होते.

"गाभण आहे," फिलू म्हणाली. "आता हिला टाकून मी कशी जाऊ?"