मानाची कॅसेट

रागिणीच्या लग्नात वऱ्हाड जानवशावर अडून बसलं, त्याला कारण पंगत नव्हती, फेटा नव्हता की मानाची साडी नव्हती. कारण होता एक परदेशी इंडस्ट्रियल रॉक बँड. शिरड शहापुरात रुसण्याची बाकी सगळी कारणं वापरून झाली होती, त्यामुळे गावाला जरा नावीन्य वाटलं.

रागिणीचा थोरला भाऊ भारत औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होता, म्हणजे होस्टेलवर राहून बँडविषयी मतं बनवत होता. 'रस्ट कमिटी' हा बँड त्याचा जीव की प्राण. गिटारीच्या जोडीला पत्रे बडवायचे, ड्रिल मशीन चालवायची आणि वर कुणीतरी ओरडायचं, असा त्यांचा प्रकार. त्यांच्या नव्या अल्बमवरून होस्टेलमध्ये दोन तट पडले होते. एक तट म्हणे, बँड संपला, यात चक्क चाल ऐकू येते. दुसरा म्हणे, बँड आता कुठं पिकलाय. अल्बम दोघांनीही ऐकलेला नव्हता. खटपट करून मुंबईहून मागवलेली एकुलती एक कॅसेट भारतच्या खिशात होती, आणि लग्न उरकलं की शांतपणे ऐकून तो निकाल देणार होता. तोवर धावपळीत हरवू नये म्हणून त्यानं ती स्पीकरवाल्या जळबाच्या टेबलावर ठेवली.

इथंच चुकलं. जळबाच्या टेबलावर ठेवलेली कॅसेट म्हणजे फर्माईश. ती नंबर आला की लागणार आणि बाजू संपेपर्यंत थांबणार नाही. मागे कुणा जावयाची कॅसेट अर्ध्यात काढली म्हणून मंडपात डोकी फुटली होती, तेव्हापासून जळबा हा नियम देवाधर्मासारखा पाळत असे. भारत पाण्याच्या टाक्या भरायला गेला, आणि लिंबावरच्या, जानवशाकडे तोंड केलेल्या भोंग्यातून आधी पत्रा फाटला, मग यंत्रं धडधडली, आणि मग एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडू लागला.

जानवसा शाळेत होता. नवरदेवाचे चुलते तातेराव, कळमनुरीचे नामांकित रुसणारे, नुकतेच पायात जोडे घालत होते. ते त्यांनी काढून ठेवले.

"लगीन हाय का मळणी काढून राहिले? आमी इथं पाव्हणे, आन् तिकडं थ्रेशर चालू? आमी न्हाई येत!"

निरोप पोचताच भारतचे वडील उत्तमराव जळबाकडे धावले. "बंद कर ते आधी!"

"बाजू संपू द्या, मालक. अर्ध्यात काढली का डोकी फुटतेत."

"कोणाची हाय?"

"भारतभाऊची."

उत्तमरावांनी भारतला दंडाला धरून शाळेत नेलं. वाटेत मुलाला जे बोलायचं ते बोलून झालं आणि दारात पोचताच चेहऱ्यावर हसू आणलं. "पाव्हणं, ही तुमच्या मानासाठी खास परदेशातून मागवली. तुमच्यासारख्या जाणत्या मानसाला रोजचीच गाणी काय लावायची?"

आता पंचाईत तातेरावांची झाली. आवडलं नाही म्हणावं तर जाणतेपण जातं. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ मान डोलावली आणि म्हणाले, "हाय, चांगलं हाय. पन यांच्या पयल्या कॅसेटीवानी न्हाई."

भारत थक्क झाला. निम्मं होस्टेल हेच म्हणत होतं.

"पयलीत दम होता," तातेरावांना हुरूप चढला. "हिच्यात जरा चाल शिरली."

नवरदेवाचे मामा दगडोबा गेली कित्येक वर्षं तातेरावांच्या विरुद्ध मत देत आले होते. ते उठले. "शिरली तर शिरली! मानूस काय जल्मभर पत्रेच बडवीन काय?"

झालं, वऱ्हाडाचे दोन तट पडले. ज्यांनी आयुष्यात 'रस्ट कमिटी' हे नाव ऐकलं नव्हतं, ते तिच्या भवितव्यावरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले. मुहूर्त जवळ येत होता. तिकडं बाशिंग बांधून बसलेल्या रागिणीचा चेहरा रडवेला झाल्याचा निरोप भारतला आला. आपला लाडका बँड एकदाचा गप्प बसावा, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

शेवटी बाजू संपली. उत्तमरावांनी हात जोडले. "चला पाव्हणं, मंडपात."

"आसं कसं?" तातेराव म्हणाले. "दुसरी बाजू ऐकल्याबिगर मत कसं देनार?" या एका मुद्द्यावर दगडोबांचंही एकमत झालं.

भारत धावत गेला, जळबाच्या हातून कॅसेट घेतली आणि परत येऊन तातेरावांपुढे धरली. "काका, ही तुमचीच. घरी निवांत ऐका. पन आता उठा."

"मानाची?"

"मानाची."

तातेरावांनी कॅसेट कोटाच्या खिशात घातली आणि वऱ्हाड उठलं. लग्न मुहूर्तावर लागलं. पाठवणीच्या वेळी भारत ढसाढसा रडला, आणि त्यातलं बरंचसं रडणं बहिणीसाठीच होतं.

संक्रांतीला तो रागिणीला आणायला कळमनुरीला गेला. होस्टेल अजून निकालाची वाट पाहत होतं. चहा होताच त्यानं विषय काढला. "काका, ती कॅसेट एकडाव ऐकायला मिळंल का?"

"ती शेतात हाय. हरभऱ्यात रानडुकरं लई माजली, म्हनून भोंगा लावला." तातेरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पयल्या दिशी अशी पळाली, का इचारू नको."

"आन् आता?"

"आता त्यांच्यात बी दोन तट पडले. अर्धी पळतेत, अर्धी बसून ऐकतेत."

भारत पुढे सरकला. "कोनती बाजू लावता?"

"पयलीला समदी पळतेत. दुसरीलाच अर्धी बसतेत."

होस्टेलवर परतल्या परतल्या भारतनं निकाल जाहीर केला. पहिली बाजू जबरदस्त. दुसऱ्या बाजूत मात्र बँड मवाळ झालाय.

"तू ऐकलीस का दुसरी बाजू?" कुणीतरी विचारलं.

"तिच्या नेहमीच्या श्रोत्यांची मतं घेऊन आलोय," भारत म्हणाला, आणि तेव्हापासून त्याचा शब्द होस्टेलमध्ये शेवटचा मानला जाऊ लागला.