खड्डा जागेवर आहे

"सरकारले खड्डा दखाडू नको, बेटा. खंदाले एक दिन लागस, बुजाले जलम जास," असं सासूबाई झुंबरबाईंनी मयुरीला बजावलं होतं. मयुरी हसली होती. देवपूरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या सुनेनं असल्या बोलण्याकडे लक्ष दिलं असतं, तर पदवीचा अपमानच झाला असता.

प्रकरण साधं होतं. गावातल्या जुन्या दगडी महादेवाच्या आवारात अंगणवाडी, अंगणवाडीपुढे रस्ता आणि रस्त्यावर कापसाच्या भरधाव गाड्या. मयुरीची तीन वर्षांची ऋतिका तर दार किलकिलं दिसलं की पळत सुटणारी. म्हणून पोरांच्या सुरक्षिततेसाठी भिंत बांधायचं ठरलं. देवळाजवळ खोदकाम करायचं तर पुरातत्त्व कार्यालयाला कळवावं लागतं, हे अख्ख्या गावात एकट्या मयुरीला ठाऊक होतं. तिनं कळवलं.

योगराज नावाचे निरीक्षण सहायक छत्री, खुर्ची आणि नोंदवही घेऊन हजर झाले. भिंतीच्या पायासाठी अंगणवाडीच्या दारापुढे पाच फूट खोल चर खणला गेला. तिसऱ्या दिवशी मातीतून काळपट तुकडा निघाला.

"काम थांबवा! खापर सापडलं!" योगराज ओरडले.

झुंबरबाई वाकून बघू लागल्या. "हाई ते मन्हं खापर शे! आखाजीना सणले पुरणना मांडा भाजता भाजता फुटनं, मीच आठे फेकं."

"आजी, सापडलेल्या वस्तूवर वैयक्तिक हक्क सांगता येत नाही."

"मंग काय, तुन्ही माय मांडा भाजस का यावर?"

वाद मिटवायला झुंबरबाईंनी घरून मांडे भाजायच्या त्या मातीच्या खापराचा उरलेला अर्धा भाग आणला. त्यात त्या कोंबड्यांना पाणी ठेवत. दोन्ही तुकडे तंतोतंत जुळले. मयुरीनं सुटकेचा निःश्वास टाकला. योगराजांचे तर डोळेच पाणावले.

"जुळलं! म्हणजे स्थळाची व्याप्ती थेट तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत आहे."

संध्याकाळपर्यंत चुलीभोवती खडूची रेघ आली. चूल हलवायला मनाई झाली. कोंबड्यांची तोंडी चौकशी झाली, पण त्यांनी सहकार्य केलं नाही.

"निदान चर तरी बुजवा साहेब. पोरं पडतील," मयुरी म्हणाली.

"बुजवणं हेही बांधकामच, ताई. त्याला परवानगी लागते."

"मग फळ्या टाकू?"

"आणि मी निरीक्षण कशाचं करू?"

"दोरी तरी बांधू द्या!"

"खुंट्या ठोकल्या की थर बिघडतात."

दुसऱ्याच दिवशी नवलभाऊचा बोकड चरात पडला. त्याला वर काढण्याआधी योगराजांनी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतला आणि नोंद केली : 'बोकड. अलीकडील थर.' महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपलं. छत्री घेऊन ते गेले, चर राहिला.

मयुरीनं तक्रारीमागून तक्रार धाडली. शेवटी उत्तर आलं. कार्यालयाला तिची जागरूकता फार भावली होती, म्हणून तिलाच मानद निरीक्षक नेमलं होतं. खाली अट होती : 'निरीक्षकाने चरावरून नजर हटवू नये. कोणतीही वस्तू, प्राणी वा व्यक्ती यांस हात लावू नये. केवळ नोंद करावी.'

निदान चराजवळ तरी राहता येईल, म्हणून तिनं सही केली.

"आते बस," झुंबरबाई एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून मयुरी रोज योगराजांनी मागे सोडलेल्या खुर्चीवर बसते आणि वहीत लिहिते : 'खड्डा जागेवर आहे.' मंजूर नकाशाप्रमाणे खुर्चीची पाठ अंगणवाडीच्या दाराकडे आहे. आत्ता अंगणवाडी सुटतेय. मागे कडी वाजली. छोट्या चपला फटफटल्या. मयुरीची नजर चरावर आहे, पण ती बोलतेय तुमच्याशीच.

"अहो, इतका वेळ तुम्हीही नुसते बघतच बसला आहात. जरा माझ्या मागे बघता का, ऋतिका दारातच उभी आहे ना? लाल फ्रॉक घातलाय. आणि तिचा हात धरायला तुम्हाला मनाई नाही हो!"