लॉनीनं केस कापले

लॉनीनं केस कापले, आणि व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. सात वर्षं त्याचे केस खांद्यावर होते. मंगळवारच्या तालमीला गडी मान मोकळी करून आला, वर शर्टाला इस्त्री! अमेरिकेतल्या डेटनसारख्या गावात, त्र्याण्णव साली, गिटार वाजवणाऱ्या माणसानं शर्टाला इस्त्री करावी याचा अर्थ एकच होता. कुठल्यातरी बड्या रेकॉर्ड कंपनीनं त्याला गाठलं होतं.

गावातल्या बँडवाल्या मंडळींत दारू चालते, गाद्यांच्या कारखान्यातली नोकरी चालते, पण बड्या कंपनीला विकलं जाणं? तोबा! तसल्या माणसाचं नाव गावातल्या रेकॉर्डांच्या दुकानात पुन्हा कुणी घेत नाही. 'डेंटेड मेलबॉक्स' हा बँड व्हर्नानं त्याच गाद्यांच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत काढला होता. गाणं आणि बेस गिटार तिची, साधी गिटार लॉनीची, ड्रम्स डेलचे. दोन रेकॉर्डी, एक खटारा व्हॅन, आणि आता तीन आठवड्यांवर आयुष्यातला पहिला खरा दौरा, तब्बल वीस गावांचा. नेमका आत्ताच हा पळाला तर सगळंच बोंबललं.

"काय रे, केस का कापलेस?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"गरम होत होतं," लॉनी म्हणाला.

मार्चमध्ये? बाहेर बर्फ पडत होतं! व्हर्नानं डेलकडे पाहिलं, तर डेल पटकन झांजा पुसायला लागला. पठ्ठ्यानं सात वर्षांत झांजा कधी पुसल्या नव्हत्या. म्हणजे हाही सामील! एकाच खोलीत राहतात दोघे, सामील नसेल तर काय.

मग बाईंनी स्वतःची सोय बघायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या फोनवरून कुजबुजत चार ओळखीच्यांना विचारून झालं. शेवटी गसच्या रेकॉर्डांच्या दुकानातल्या जाहिरातींच्या फळ्यावर तिनं टाइप केलेला कागद लावला. 'अनुभवी गायिकेला गिटारवाला व ड्रमर हवेत. बड्या कंपन्यांच्या नादी लागणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. कॅसेट गसकडे द्यावी.' नाव नाही, गाव नाही.

"गस, कुणाला बोललास तर याद राख."

"फळ्यावर कुणी काय लावलं हे मी बायकोलासुद्धा सांगत नाही," गस म्हणाला. आणि ते खरं होतं. त्या फळ्यापायी गावातले निम्मे बँड मोडले होते आणि निम्मे जुळले होते, पण गसच्या तोंडून ब्र निघाला नव्हता.

आठवड्यात पाच कॅसेटी आल्या. व्हर्नानं व्हॅनमध्ये एकटीनं ऐकल्या. पहिल्या चार ऐकून तिला रडू यायचं बाकी राहिलं. पाचवीत मात्र दोघे होते, गिटार आणि ड्रम्स, नावाशिवाय. काय वाजवत होते! तालाला पक्के, सुराला पक्के, आणि सुरू एकत्र करून चक्क संपवतही एकत्र होते.

"हेच!" ती गसला म्हणाली. "आमच्या दोन ठोंब्यांना जन्मात असं जमलं नाही. रविवारी दोनला बोलाव, तुझ्या तळघरात."

गसनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बोलावतो," एवढंच म्हणाला.

रविवारी दोनच्या ठोक्याला जिन्यावर पावलं वाजली. आधी लॉनी उतरला, मागून डेल. तिघेही जागच्या जागी थिजले.

"तू इथं काय करतेस?" डेल.

"तुम्ही काय करताय?"

"आम्ही एका चांगल्या गायिकेला भेटायला आलोय," लॉनी म्हणाला. "आम्हाला सगळं कळलंय, व्हर्ना. चोरून फोन काय, आम्ही आलो की गप्प बसणं काय! कंपनीनं तुला एकटीला घेतलंय ना?"

"मला? केस तू कापलेस!"

"उवा झाल्या होत्या गं!" लॉनी ओरडला. "व्हॅनमधल्या उशीवरनं. शर्टही म्हणूनच उकळून, इस्त्री मारून घातला. कुठल्या तोंडानं सांगू?"

व्हर्नाचा हात नकळत डोक्याकडे गेला. डेलचा तर मघापासून तिथंच होता.

"मग कॅसेटवर इतकं छान कसं वाजवलंत रे?" ती रडवेली झाली होती. "माझ्यासोबत कधी नाही वाजवलंत तसं!"

"परीक्षा होती ना," डेल म्हणाला. "सराव केला."

मग व्हर्नानं नाक पुसलं. "बरं, झालं गेलं सोडा. दौऱ्याला निघायचं ना आपण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तसं नाही," लॉनी चाचरत म्हणाला. "आम्ही ज्या बाईसाठी आलो ती सरळ वाटली होती आम्हाला. तू आधी गाऊन दाखव."

व्हर्नाला संताप आला, हसू आलं, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. स्वतः काढलेल्या बँडपुढं तिनं बेस गळ्यात अडकवला. सात वर्षांत गायली नव्हती इतकं जीव तोडून ती गायली. गाणं संपलं तेव्हा वर दुकानात गसनं टाळ्या वाजवल्या.

लॉनी आणि डेल कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. फार वेळ कुजबुजले.

"आवडलं," अखेर डेल म्हणाला. "पण अजून दोघींचं गाणं ऐकायचंय. कळवतो तुला."